कपाटातलं पुस्तक कुठे गेलं?

दाखल नोंदवहीत पुस्तक होतं. दाखल क्रमांक, किंमत, बिलाची तारीख, सगळं जागच्या जागी. कपाटात मात्र ते नव्हतं, आणि देवघेवीच्या वहीत कोणाच्या नावावरही नव्हतं.

मे महिन्यात नागपुरातल्या एका शाळेत ग्रंथालयाची पडताळणी करायला गेले होते. मी सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करते आणि या शाळेच्या ग्रंथालय समितीवर आहे, म्हणून सुट्टीतले दोन-तीन दिवस तिथे देते. बाहेर ४५ अंशांचं ऊन, आत कूलरची घरघर, आणि एकेक पुस्तक हातात घेऊन नोंदवहीशी ताडून पाहायचं काम. दरवर्षी काही पुस्तकं हरवलेली निघतातच. पण हे नवं होतं, दोनच वर्षांपूर्वी घेतलेलं. वयात येताना शरीरात काय बदल होतात, पाळी का येते, त्या दिवसांत काळजी कशी घ्यायची, हे आठवी-नववीच्या मुलींना चित्रांसकट समजावणारं.

शिपाईकाकांना विचारलं. ते म्हणाले, "थे मोठ्या बाईंच्या टेबलात आहे मॅडम. एका पोरीची माय आली होती, लय बोलून गेली. मंग ठेवून देलं."

खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सापडलं. त्या वर्तमानपत्रावरची तारीख दीड वर्षापूर्वीची होती. तक्रार कोणी केली, कोणत्या पानाबद्दल केली, पुस्तक काढायचं कोणी ठरवलं, किती दिवसांसाठी, याची कुठेही एक ओळ नव्हती. नोंदवहीतला शेऱ्याचा रकाना कोरा. या दीड वर्षात किती मुलींनी ते मागितलं असतं हे आता कळायचा मार्ग नाही, कारण मागायला आधी ते दिसायला हवं.

त्या कोऱ्या रकान्यामुळे हे लिहायला बसले. "पुस्तकावर बंदी" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकार, पोलीस, मोर्चे येतात. प्रत्यक्षात शाळा-ग्रंथालयांतून पुस्तक जातं ते बहुतेक वेळा असं, गुपचूप, कागदाशिवाय. दोन्हींत फरक काय, कायदा काय म्हणतो आणि पालक, शिक्षक, वाचक म्हणून आपण काय करू शकतो, ते सांगते.

पुस्तक काढणं म्हणजे प्रत्येक वेळी गळचेपी का?

नाही. कपाट मोजकं, पैसा मोजका. त्यामुळे प्रत्येक ग्रंथालय निवड करतंच. दहा पुस्तकांतून चार घ्यायची तर सहा राहणारच. पुढे पुस्तकं जुनी होतात. आयकराचं पंधरा वर्षांपूर्वीचं मार्गदर्शक आज वाचकाची दिशाभूल करील. वाळवीने खाल्लेलं, पानं गळालेलं पुस्तक ठेवून उपयोग नाही. अशी पुस्तकं बाद करण्याला आम्ही निर्लेखन म्हणतो. त्याची रीत ठरलेली आहे: यादी करायची, प्रत्येक पुस्तकासमोर कारण लिहायचं, समितीपुढे ठेवायचं, ठराव करायचा, नोंदवहीत लाल शाईने नोंद करायची, आणि मगच रद्दीत द्यायचं. पाच रुपयांचं फाटकं पुस्तकसुद्धा ठरावाशिवाय बाहेर जात नाही.

निवडणारा माणूस पुस्तक ठेवायला कारण शोधतो. हे कोणाच्या उपयोगी पडेल, या विषयावर आपल्याकडे दुसरं काही आहे का, भाषा मुलांना झेपेल का, हे त्याचे प्रश्न. अडवणारा माणूस काढायला कारण शोधतो. त्याला एक परिच्छेद, एक चित्र, कधी नुसतं मुखपृष्ठ पुरतं. पुस्तकाची उरलेली दोनशे पानं त्याने उघडलेली नसतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केलेल्या प्रत्येकाला ती पाठ असतात. पहिली तीन अशी: ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. परीक्षेत आम्ही ती धडाधड लिहून आलो. खणातलं ते पुस्तक हातात घेतल्यावर तिसरं सूत्र मला पहिल्यांदा नीट समजलं.

सरकारलाही कारण लिहावं लागतं

आता कायद्याकडे येऊ. संविधानाच्या कलम १९(१)(क) नुसार प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. बोलण्याच्या हक्कात ऐकण्याचा, वाचण्याचा, माहिती मिळवण्याचा हक्कही येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. त्याला लागूनच १९(२) आहे. देशाची सार्वभौमता, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, अब्रुनुकसानी अशा ठरावीक कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात. "वाजवी" हा शब्द इथे फार मोलाचा आहे. तो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला.

राज्य सरकारला एखादं पुस्तक थांबवायचं असेल तर मुख्य रस्ता फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातून जातो. पूर्वी ते कलम ९५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ९८ आहे. कायद्याच्या भाषेत पुस्तक "सरकारजमा" होतं. त्यासाठी पुस्तकातला मजकूर ठरावीक गुन्ह्यांत बसतो असं सरकारला वाटलं पाहिजे: समाजगटांत वैर पसरवणं, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं, अश्लीलता वगैरे. मग अधिसूचना काढावी लागते, आणि तिच्यात आपल्या मताची कारणं नमूद करावी लागतात. पुढच्याच कलमात दाद मागायची सोय आहे. दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं आणि तिथे एकट्यादुकट्या न्यायमूर्तींपुढे नाही, तिघांच्या विशेष पीठापुढे सुनावणी होते. पुस्तकाच्या बाबतीत कायद्याने इतकी काळजी घेतली आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. हे कलम धूळ खात पडलेलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने याच कलमाखाली एका आदेशात २५ पुस्तकं सरकारजमा केली.

कारण लिहिण्याची अट देखाव्यापुरती नाही. हरनाम दास खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकजप्तीचा आदेश रद्द केला, कारण सरकारने आपल्या मताची कारणंच दिली नव्हती. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकावरून २००३ साली वाद पेटला. प्रकाशकाने पुस्तक बाजारातून मागे घेतलं. तरी ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. तिथल्या अभ्यासकांनी लेखकाला मदत केली होती, एवढंच निमित्त. पोथ्या, पुस्तकं, कपाटं जमिनीवर आली. पुढे सरकारने पुस्तक सरकारजमा केल्याची अधिसूचना काढली. तिला आव्हान दिलं ते लेखकाने किंवा प्रकाशकाने दिलं नाही, महाराष्ट्रातल्या काही नागरिकांनी दिलं. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द केली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. या पुस्तकामुळे नेमक्या कोणत्या समाजगटांत वैर माजणार, हेच अधिसूचनेत सांगितलेलं नव्हतं, हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण. त्या पुस्तकातल्या विधानांनी पुष्कळ लोक दुखावले, मला स्वतःला ती पटली नाहीत. पण महाराजांच्या चरित्रावर हयात घालवलेले अभ्यासक आपल्याकडे आहेत. पुस्तकाला पुस्तकाने उत्तर देण्याची ताकद आपल्यात आहे. भांडारकरच्या पोथ्यांनी कोणाचं काय वाकडं केलं होतं?

परदेशातून येणारं पुस्तक अडवण्याचा दुसरा मार्ग १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातून जातो. सलमान रश्दी यांच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस'ची आयात १९८८ साली अशी थांबली. २०१९ मध्ये एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन विचारलं की ती अधिसूचना दाखवा. पाच वर्षांत कोणत्याच खात्याला ती दाखवता आली नाही. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असं धरून चालावं लागेल. छत्तीस वर्षं जी बंदी सगळा देश गृहीत धरून होता, तिचा कागद निघाला नाही आणि न्यायालयापुढे ती टिकली नाही.

आता शाळेच्या त्या खणाकडे परत या. सरकारला अधिसूचना लागते, कारणं लागतात, आणि तीन न्यायमूर्तींपुढे उभं राहावं लागतं. शाळेतलं पुस्तक मात्र एका संतापलेल्या भेटीत आणि एका घाबरलेल्या निर्णयात नाहीसं होतं. ज्याचा कागदच नाही त्याविरुद्ध दाद कशी मागायची? म्हणून मला सरकारी बंदीपेक्षा या मुक्या बंदीची काळजी जास्त वाटते.

नागपूरचं माप

सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची घुमटाची इमारत आपण येता-जाता पाहतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी नागपूरला स्वतःचं उच्च न्यायालय होतं. तिथले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवती चरण शुक्ला विरुद्ध मध्य प्रांत व वऱ्हाड सरकार या खटल्यात एक माप घालून दिलं. १९४७ च्या निकालसंग्रहात तो निकाल छापलेला आहे. प्रकरण छापखान्याचं आणि ब्रिटिश काळातल्या पत्रकायद्याचं होतं. छापलेल्या शब्दांचा परिणाम मोजायचा कसा, हा प्रश्न होता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: तो परिणाम समंजस, खंबीर, धीराच्या माणसांच्या मापाने मोजावा. दुबळ्या आणि डळमळीत मनाचं माप लावू नये, आणि विरोधी मत दिसलं की धोक्याचा वास घेणाऱ्यांचं तर नाहीच.

हे वाक्य नागपुरातून निघालं आणि अजून चालतं आहे. फाळणीवरची 'तमस' ही दूरदर्शन मालिका थांबवा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात आली तेव्हा १९८८ साली न्यायालयाने हेच माप उचललं. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा याच नागपूरच्या निकालाचा आधार घेतला. आपल्या गावाची ही ठेव आपल्याच शाळांमध्ये कोणाला माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण मुलं तर लहान आहेत

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. खंबीर आणि धीराचं माप प्रौढांना ठीक, सातवीतल्या पोराला कसं लावणार? शाळेचं ग्रंथालय आणि गावाचं सार्वजनिक ग्रंथालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक ग्रंथालयात प्रौढ माणूस स्वतःच्या जबाबदारीवर पुस्तक उचलतो. शाळेत पालकांनी मूल आपल्या हवाली केलेलं असतं.

कायदाही हा फरक करतो. अश्लील साहित्य मुलांना विकणं किंवा देणं हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत त्यासाठी वयाची रेषा २० वर्षांची होती, भारतीय न्याय संहितेत ती १८ वर झाली. पण त्याच कायद्यात १९६९ पासून अपवादही आहे: विज्ञान, साहित्य, कला, ज्ञान यांच्यासाठी, लोकांच्या भल्यासाठी असलेलं प्रकाशन अश्लील ठरत नाही. शरीराची माहिती देणारं शास्त्रीय पुस्तक या अपवादात सरळ बसतं.

याच मुद्द्यावर मराठी साहित्यातला एक खटला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. कुमारवयीन वाचकाच्या कानावर शृंगाराचा शब्दही पडू नये, हेच माप धरलं तर लेखकांना फक्त कुमारांसाठीच लिहावं लागेल, असा न्यायालयाचा विचार होता. मी यातून ग्रंथालयापुरता अर्थ असा काढते की वयाची काळजी कपाट लावताना घ्यायची. पाचवीचं कपाट वेगळं, नववीचं वेगळं, शिक्षकांचं वेगळं. एखादं पुस्तक नववीच्या कपाटात आहे आणि पाचवीतल्या मुलाला ते मिळत नाही, याला मी गळचेपी म्हणणार नाही. ते कोणत्याच कपाटात नाही आणि कोणालाच ठाऊक नाही, ही गळचेपी.

शिवाय वाचणं हा मुलांचाही हक्क आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम १३ माहिती शोधण्याचा आणि मिळवण्याचा हक्क मुलांना देतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट आहे. सर्व विषयांत शरीरही आलं.

न घेतलेली पुस्तकं

याहून अवघड गोष्ट आता सांगते, कारण ती माझ्या हातून झाली आहे. खरेदीची यादी करताना एका कादंबरीच्या नावावर मी स्वतः काट मारली होती. वाचकांची मागणी होती, पुस्तक चांगलं होतं, मी ते वाचलं होतं. पण त्यातल्या एका जातीच्या उल्लेखावरून कोणी येऊन गोंधळ घालेल, अशी धास्ती वाटली. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. लिहून ठेवलेलं कारण होतं "निधीअभावी". ते खोटं होतं. पुढच्या वर्षी मी ते पुस्तक मागवलं. आजवर त्याबद्दल कोणी एका शब्दाने तक्रार केलेली नाही.

आपली बरीच ग्रंथालयं १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मिळणाऱ्या अनुदानावर चालतात. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी असते. ती खरेदीला मदत म्हणून आहे, पण यादीत नाही म्हणजे वर्ज्य, असा अर्थ मनोमन लावणारे सहकारी मी पाहिले आहेत. तसा अर्थ नाही. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे की ग्रंथसंग्रहावर वैचारिक, राजकीय किंवा धार्मिक नियंत्रण असू नये आणि व्यापारी दबावही असू नये. तो चौकटीत लावून देवघेवीच्या टेबलामागे टांगावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

नागपुरात राहून ही गोष्ट बोलायची आणि दीक्षाभूमी विसरायची, हे व्हायचं नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि दूरदूरच्या गावांहून आलेले लोक पुस्तकांच्या पिशव्या भरून नेतात. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिवायची मनाई होती त्यांनी पुस्तकाची किंमत ओळखली. बाबासाहेबांना १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं आणि मजकुरात बदल सुचवले. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं त्यांनी कळवलं. परिषद झाली नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, १,५०० प्रती, आणि आज ते जगभर वाचलं जातं. पुढे १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला तेव्हा त्यातल्या राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून वाद झाला. ते काढा म्हणून आंदोलनं झाली, ते राहू द्या म्हणून प्रचंड मोर्चे निघाले. शेवटी मजकूर राहिला आणि या मतांशी शासन सहमत नाही, अशा अर्थाची टीप जोडली गेली. मतभेद असेल तर टीप जोडा, शेजारी दुसरं पुस्तक ठेवा, चर्चा घडवा. कात्री चालवली की चर्चाच उरत नाही.

तक्रार आली तर

तक्रार करणं हा पालकांचा हक्क आहे. मी तर म्हणते, तक्रार करणारा पालक निदान मुलाच्या दप्तरात डोकावतो. त्याला उद्धटपणे परत पाठवू नये. त्याला एक कागद द्यावा. पुस्तकाचं नाव, कोणत्या पानावर हरकत आहे, हरकत काय आहे, तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंत का, आणि तुमचं म्हणणं काय: काढावं, वरच्या वर्गाला द्यावं, की फक्त तुमच्या मुलाला देऊ नये? शेवटच्या प्रश्नावर बराच वाद तिथल्या तिथे शमतो. आपल्या मुलाने काय वाचावं हे सांगण्याचा अधिकार पालकाला नक्की आहे. शेजारच्या मुलाचं ठरवण्याचा नाही.

मग समितीतल्या तिघांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं. एक शिक्षक, एक पालक, एक ग्रंथालयाचं काम जाणणारा असला तर उत्तम. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावं; ही अट पाळणं सगळ्यांत जड जातं आणि तीच सगळ्यांत गरजेची आहे. निर्णय महिन्याभरात व्हावा, लेखी व्हावा, कारणासह व्हावा, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याची नोंद व्हावी. शाळा सरकारी किंवा महापालिकेची असेल आणि पुस्तक का काढलं हे कोणी सांगत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधा अर्ज करता येतो. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्या शाळेत आम्ही हे सगळं उशिरा का होईना केलं. मोठ्या बाईंनी मोकळेपणाने मान्य केलं की त्या दिवशी त्या घाबरल्या होत्या. ती आई ओरडत होती, वऱ्हांड्यात मुली उभ्या होत्या. जूनमध्ये आम्ही त्या आईला निरोप पाठवला. त्या आल्या, दोन तास माझ्या शेजारी बसून पुस्तक वाचलं. मध्ये एकदा म्हणाल्या, "आमच्या वेळेस हे सांगणारं कोणीच नव्हतं जी." मला वाटलं, आता त्यांचं मत बदलेल. बदललं नाही. मुलीला हे आपण घरीच सांगू, शाळेने देऊ नये, असं त्यांनी कागदावर लिहून सही केली. तो त्यांचा अधिकार होता. त्यांच्या मुलीच्या ग्रंथालय कार्डावर तशी नोंद झाली.

पुस्तक आठवी-नववीच्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहे. शेऱ्याच्या रकान्यात तीन ओळी आहेत: तक्रारीची तारीख, समितीच्या निर्णयाची तारीख, आणि "कपाटात परत". तारखेच्या पट्टीवर ऑगस्टपर्यंत सात शिक्के पडले होते.